बुडीत बांधावरचा मासा

क्वाबिनच्या जलाशयात स्मॉलमाउथ बास धरायचा असेल तर आधी जुन्या शेतांचे बांध शोधावे लागतात. काठावरच्या जंगलात असे दगडी बांध जागोजाग दिसतात. झाडांमधून वळत ते उतारावरून खाली येतात आणि सरळ पाण्यात शिरतात. मला हवा असतो तो त्यांचा पाण्यात शिरल्यानंतरचा भाग. दहा फुटांपासून तीसेक फुटांपर्यंतच्या खोलीत हे बांध अजून टिकून आहेत, कुठे ढासळलेले, कुठे कमरेइतके उंच. मासा त्यांच्या कडेला असतो.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यावर, बॉस्टनपासून साधारण शंभर किलोमीटर पश्चिमेला, स्विफ्ट नदीचं खोरं अडवून हा जलाशय केला. त्याचा कायदा १९२७ साली झाला. पुढच्या दशकात विन्सर धरण आणि गुडनफ बंधारा उभे राहिले, १९३९ मध्ये पाणी साठू लागलं आणि १९४६ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. त्यासाठी डेना, एनफिल्ड, ग्रीनविच आणि प्रेस्कॉट ही चार गावं उठवली. अडीच हजारांच्या आसपास माणसं. २७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफिल्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच झाला आणि मध्यरात्र उलटताच चारही गावं कायद्याने संपली. त्या क्षणापासून त्या नावांचं गाव राज्याच्या दफ्तरात राहिलं नाही. हे पाणी बोगद्यांतून पूर्वेकडे जातं आणि बॉस्टन परिसरातल्या तीसेक लाख लोकांच्या नळाला येतं. साठा ४१२ अब्ज गॅलन. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायचं तर ५५ टीएमसीच्या आसपास. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे क्वाबिन उजनीच्या निम्म्याहूनही लहान. उजनीचं नाव घेतलं, कारण माझं आजोळ उजनीच्या पाण्याखाली आहे.

इकडे एक दंतकथा फार ऐकू येते. पाणी शांत असलं की खाली चर्चचा मनोरा दिसतो, अशी. ती खरी नाही. पाणी सोडण्याआधी चारही गावांतली घरं, चर्च, गिरण्या, शाळा पाडल्या किंवा दुसरीकडे हलवल्या, खोऱ्यातली झाडं तोडून जाळली. साडेसात हजारांहून जास्त थडगी उकरून नव्या दफनभूमीत नेली. हे पिण्याचं पाणी होतं, त्यात कुजणारं काही राहू नये असा हिशेब होता. मागे राहिलं ते जळत नाही आणि कुजत नाही ते: तळघरांचे खड्डे, रस्ते, रेल्वेचा भराव आणि बांध. दंतकथेतल्या मनोऱ्यापेक्षा मला हे उरलेलं जास्त मोलाचं वाटतं. मनोरा कुठल्याही गावाला असतो. बांधावरून मात्र कोणाचं रान कुठे संपत होतं आणि कोणाचं सुरू होत होतं, ते कळतं.

न्यू इंग्लंडमधले हे बांध हौसेने कोणी बांधलेले नाहीत. हिमयुगात बर्फाच्या थरांनी आणून टाकलेले दगड इथल्या मातीत ठासून भरलेले आहेत. दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, आणि वसंतात वितळताना आतले दगड थोडे थोडे वर ढकलले जातात. शेतकऱ्याने यंदा शेत साफ केलं तरी पुढच्या वर्षी नांगराच्या फाळाला दगड लागणारच. ते दगड उचलून रानाच्या कडेला रचत राहायचं, हेच पिढ्यानपिढ्या चाललं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मधल्या फटी तशाच मोकळ्या राहिल्या. पाण्याखाली गेल्यावर त्या फटींत क्रेफिश शिरले, नांग्या असलेले, गोड्या पाण्यातले कोळंबीचे भाऊबंद. आणि क्रेफिश हे स्मॉलमाउथचं आवडतं खाणं. म्हणून तो बांधाला धरून राहतो, सावलीच्या बाजूला, तळापासून थोडा वर. फटीतून काही हललं की झडप घालतो.

एनफिल्ड आणि ग्रीनविचचे मधले भाग खोऱ्याच्या तळाशी होते, तिथे आज पाणी फार खोल आहे. एनफिल्डचा चौक होता तिथवर माझा गळ जाणार नाही, आणि गेला तरी उन्हाळ्यात तिथे बास नसतो. माझ्या आवाक्यात येतात ती उतारावरची रानं, गावापासून लांब डोंगराच्या बाजूला राहिलेल्या शेतकऱ्यांची. आपल्याकडच्या भाषेत वस्तीवरची माणसं. गावच्या इतिहासात त्यांची नावं क्वचितच येतात. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती त्यांच्या बांधांमुळे.

ही ओळख कशी होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण यातच माझा सगळा जीव आहे. बास फिशिंग म्हटलं की लोकांना उसळी मारणारा मासा आठवतो, वाकलेला रॉड आठवतो. ते असतंच. पण वेळेचा मोठा भाग जातो तो तळ चाचपण्यात. होडी नांगरावर उभी करायची, बांध जिथे असावा असं वाटतं त्याच्या पलीकडे गळ फेकायचा आणि वजन तळाला टेकेपर्यंत दोरी सैल ठेवायची. मग रॉडचं टोक हळू उचलत वजन तळावरून ओढत आणायचं. दोरी विणीची घ्यायची. ती ताणली जात नाही, त्यामुळे तळाशी लागलेली बारीकशी ठेचही बोटापर्यंत पोचते. पुढे हातभर पारदर्शक दोरी जोडायची, कारण क्वाबिनचं पाणी अतिशय नितळ आहे आणि विणीची दोरी माशाला दिसते.

वजन शिशाचं चालत नाही. लून नावाचा मोठा पाणपक्षी इथे घरटी करतो. तो तळातले खडे गिळतो, त्यांत गळाचं शिसं पोटात गेलं की विषबाधेने मरतो. म्हणून क्वाबिनमध्ये छोट्या शिशाच्या वजनांना फार आधी बंदी आली आणि २०१२ पासून ती राज्यभरातल्या गोड्या पाण्याला लागू झाली. मी टंगस्टन वापरतो. महाग पडतं, पण लूनसाठी आणलेल्या या नियमाने माझ्या बोटांचंही भलं केलं. टंगस्टन शिशापेक्षा जड आणि कितीतरी कठीण आहे. शिसं दगडावर आपटलं की थोडं दबतं आणि ठोका गिळून टाकतं. टंगस्टन तो जसाच्या तसा वर पाठवतं.

डोळे मिटून ओढलं तरी तळ कळतो. गाळ असेल तर ओल्या पिठात बोट रुतावं तसं वजन रुततं आणि सुटताना नाखूष असतं. वाळू काही बोलतच नाही. बारीक खडीवर किरकिर सुरू होते. निसर्गातल्या मोठ्या खडकावर वजन चढतं, घसरतं, पुन्हा चढतं, त्यात काही क्रम नसतो. बांधाचं तसं नाही. आधी खडी येते, मग वजन उभ्या दगडाला अडतं. रॉड उचलला की एक पायरी, दुसरी पायरी, मग माथा. माथ्यावर क्षणभर थांबून पलीकडे सरळ खाली पडतं. होडी थोडी पुढे नेऊन फेकलं तर तेच: खडी, पायरी, माथा, पडणं. आणखी पुढे, पुन्हा तेच. एका रेषेत. रेषा लागली की ती माणसाच्या हातची आहे याविषयी शंका उरत नाही. रेषेत मध्येच खंड पडला आणि वजन काही हात सपाटीवरून सरकलं, तर तिथे बैलगाडी जाईल इतकी वाट ठेवलेली होती. त्या तोंडाशी बहुतेक वेळा मासा असतो.

हल्ली होडीला सोनार लावून दोन्ही बाजूंचा तळ पडद्यावर बघता येतो. त्यात बांध काळ्या-पांढऱ्या रेघेसारखा स्वच्छ उमटतो. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर वापरावं. मला पडद्यावरून बांध कळत नाही, तो कुठे आहे एवढंच कळतं. दगडाची धार बोटाला लागते तेव्हा तो कोणीतरी उचलून इथे ठेवला होता हे मला जाणवतं. आणि या एका जाणिवेसाठी मी पहाटे अंधारात गाडी काढतो.

होडी मी तिथलीच भाड्याची घेतो. २००९ मध्ये राज्याच्या पश्चिम भागातल्या एका तलावात झीब्रा शिंपले सापडले, तेव्हापासून बाहेरची होडी निर्जंतुक करून, सील लावून घेतल्याशिवाय क्वाबिनमध्ये उतरवता येत नाही. हा नियम योग्यच आहे. पोहायला मनाई, पाण्यात पाय टाकून उभं राहायलाही मनाई. होड्या उतरवायच्या तीनच जागा, आठ, एकतीस आणि त्रेचाळीस नंबरच्या फाटकांपाशी. सगळ्या जलाशयाभोवती अशी नंबर दिलेली फाटकं आहेत. त्यांतली बरीचशी जुन्या गावरस्त्यांवर आहेत, आणि काही रस्ते तर आजही डांबरासकट पाण्यात उतरताना दिसतात. चाळीस नंबरच्या फाटकातून चालत गेलं की डेनाचा चौक लागतो. तो उंचावर असल्याने बुडाला नाही, फक्त रिकामा केला गेला. गवत कापलेलं असतं, तळघरांचे खड्डे उघडे असतात, त्यांच्या कडेला उंच झाडं आहेत. बास धरायला येणाऱ्या प्रत्येकाने एकदा तिथे जाऊन ते बांध कोरडे बघावेत, हात लावून बघावेत. आपण पाण्यात काय चाचपतो आहोत ते तिथे समजतं.

आता माशाविषयी. स्मॉलमाउथचा रंग पितळी, अंगावर उभे गडद पट्टे, डोळ्यांत लाली. त्याचा भाऊबंद लार्जमाउथ हिरवट असतो, त्याचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो आणि त्याला गवताळ, उथळ, कोमट खाड्या आवडतात. मला स्मॉलमाउथ प्रिय आहे, कारण त्याला थंड आणि स्वच्छ पाणी लागतं, दगड लागतो, आणि गळ लागल्यावर तो तळाकडे न पळता आधी आकाशाकडे येतो. दोन्ही जाती मूळच्या इथल्या नाहीत. स्मॉलमाउथ ग्रेट लेक्स आणि ओहायो नदीच्या बाजूचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला माणसांनी तो इकडच्या तळ्यांत आणून सोडला. आज इथल्या कोणालाही तो परका वाटत नाही.

मे महिन्यात पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर गेलं की नर उथळ खडीत येतो. शेपटीने गाळ झाडून गोल खळगा करतो, शक्यतो एखाद्या दगडाच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे सगळं नराकडे. तो पंख हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळतं ठेवतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो, आणि पिल्लं पोहू लागल्यावरही काही दिवस त्यांच्या काळ्या ढगाभोवती फिरत राहतो. या काळात तो धड खात नाही. पण खळग्यात काही पडलं तर तोंडाने उचलून बाहेर टाकतो, आणि म्हणूनच त्याला गळाला लावणं अगदी सोपं असतं. नितळ पाण्यात तो वरून दिसतोही. तो दोन-चार मिनिटं जरी खळग्यावरून हलला तरी सनफिश आणि पर्च अंड्यांवर तुटून पडतात. परत सोडलेला नर घरट्याशी पोचतो तेव्हा अनेकदा राखायला फारसं काही उरलेलं नसतं. राज्याच्या नियमांत याला मनाई नाही. माझं मत मात्र ठाम आहे: खळग्यावर बसलेल्या नरावर गळ टाकू नये. त्या आठवड्यांत मी खोल बांधांवर जातो किंवा घरी राहतो.

कॅनडातल्या ओंटारियोच्या तळ्यांमध्ये खुणा करून सोडलेल्या स्मॉलमाउथ नरांचा अभ्यास झाला आहे. त्यांतले बरेच नर पुढच्या वर्षी पहिल्या घरट्यापासून काही मीटरच्या आतच नवं घरटं करताना आढळले. एवढ्या विस्तीर्ण पाण्यात, हिवाळाभर खोल गेल्यानंतर, पुन्हा तोच काठ आणि जवळजवळ तोच दगड. हे वाचलं तेव्हा मला गाळपेर आठवली.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं. पाऊस ओढला त्या वर्षी तर साठा वजा होतो आणि बातम्यांत पळसदेवच्या जुन्या मंदिराचे फोटो येतात, शिखर, मग खांब, मग ओटा. लोक गाड्या काढून बघायला जातात. पण पाणी मागे जाऊन जी जमीन उघडी पडते तिच्यावर गाळ असतो आणि त्या गाळात पीक जोमाने येतं. ती गाळपेर. मामा अनेक वर्षं उन्हाळ्यात तिथे पेरायचा. सरकारच्या लेखी ती हंगामापुरती जमीन होती. मामाच्या लेखी ते आपलं जुनं रान होतं, विहिरीकडचं. पुनर्वसनात मिळालेली जमीन लांब होती, तिथे त्याने घर बांधलं, मुलांना शिकवलं, सगळं केलं. तरी पाणी ओसरलं की बैल घेऊन तो खाली उतरायचाच. पुढे मासेमारीचा परवाना काढला. भीमेच्या काठची जी माणसं शेतकरी होती, त्यांतली कितीतरी धरणानंतर भोयांच्या जोडीने पाण्यावर जाऊ लागली. कटला, रोहू, मरळ, आणि आता बेसुमार चिलापी.

मामाबरोबर होडीत बसलो तेव्हा मी कॉलेजात होतो. पाणी भरलेलं होतं, चारी बाजूंना निळं-करडं सपाट. मला एकही खूण दिसत नव्हती. मामा वल्हं मारता मारता बोलत होता, "हितं मारुती. आता चावडीवरनं चाललोय. त्या वाड्यावर जाळं टाकू नगं, फाटतंय." त्याने लांबच्या दोन टेकड्या आणि एक उच्चदाबाचा मनोरा यांची रेघ नजरेने जुळवली आणि जाळं सोडलं. "पांदीत मासा चालतो," म्हणाला. पांद म्हणजे दोन्ही बाजूंना उंच बांध असलेली रानात जाणारी खोलगट वाट. माणसं आणि बैल जिथून जायचे तिथूनच आता मासे जात होते. गाव उठून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण मामाच्या तोंडी त्याचा प्रत्येक कोपरा चालू वर्तमानकाळात होता, कारण त्याला त्याची रोज गरज होती. कुठे जाळं फाटेल, कुठे भरेल, हे त्यावर ठरत होतं.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. बुडालेल्या गावाची आठवण काढणारे पुष्कळ असतात. पण त्या गावाचा भूगोल कामासाठी रोज वापरणारे फक्त मासा धरणारेच उरतात. क्वाबिनवर मला एका म्हाताऱ्या गळवाल्याने पहिल्यांदा सांगितलं, की बाजारातले खोली दाखवणारे नकाशे ठेव बाजूला, धरणाआधीचे सर्वेक्षणाचे नकाशे शोध. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केलेल्या त्या नकाशांवर रस्ते आहेत, ओढे आहेत, घरांसाठी बारके काळे चौकोन आहेत. शिवाय जमीन ताब्यात घेताना धरणाच्या खात्याने खोऱ्यातल्या मालमत्तांचे फोटो काढले होते. घरासमोर क्रमांकाची पाटी धरलेली, मागे अंगण, कधी दोरीवर वाळत घातलेले कपडे. ते फोटो आज कोणालाही बघता येतात. हेतू मोबदला ठरवण्याचा होता, पण मी ज्या बांधावर वजन घासतो त्याच्या मालकाचं घर मला त्यात सापडू शकतं. एका उतारावरच्या घराचा फोटो मी छापून घेतला आहे. त्यात डावीकडे बांध दिसतो, आणि त्यात गाडीवाटेचं तोंड.

तिथे धरलेला मासा मी सोडून देतो. बारा इंचांच्या वरचे पाचपर्यंत ठेवायची मुभा आहे. पण हवेतून येणारा पारा इथल्या माशांत साठतो आणि गर्भवतींनी, लहान मुलांनी क्वाबिनचा बास खाऊ नये अशी राज्याच्या आरोग्य खात्याची स्पष्ट सूचना आहे. खालचा ओठ अंगठा आणि बोटात धरायचा, हात आधी ओले करायचे म्हणजे अंगावरची बुळबुळ निघत नाही, गळ काढून लगेच पाण्यात. फार खोलातून वर आणलेल्या बासच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही, म्हणून तीस फुटांच्या पलीकडे मी टाकतच नाही. मी मासा सोडून देतो हे मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विचार करत होता. मग त्याने विचारलं ते एवढंच, "पण जागा कळली ना?"

जागा कळली की मी ती वहीत लिहितो, मालकाच्या नावाने. आणि ही वही भरत गेली तसं मनात एक पक्कं होत गेलं. माझ्या आजोळचा एकही फोटो आमच्या घरात नाही. मामाच्या डोक्यात जे आहे ते मामाबरोबर जाईल. त्याचा मुलगा मासेमारीत नाही. उजनीकाठच्या गावागावांत असे मामा आहेत, सत्तरी-ऐंशीतले, ज्यांना अख्खं गाव पाण्यावरून वाचता येतं. त्यांना होडीत घेऊन, टेकडी-मनोऱ्याच्या रेघा जुळवत, प्रत्येक नाव मोबाइलच्या नकाशावर टिपून घ्यायला हवं. मंदिरं आपोआप लक्षात राहतील, ती उन्हाळ्यात वर येतात. विहिरी, पांदी, बांध, खळी यांची नावं आत्ताच लिहायला हवीत.

आमच्या गावाचं काम मी सुरू केलं आहे. माझा भाचा मामाला होडीत घेऊन जातो, जागा टिपतो आणि मला पाठवतो. मी जुन्या नकाशावर बसवून परत पाठवतो. मारुती, चावडी, शाळा, दोन विहिरी आणि वाडा झाला. पांद अडली आहे. मामा म्हणतो ती विहिरीच्या उगवतीने जायची. माझी आई इकडे माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणते, मावळतीने, कारण सकाळी पाणी आणताना ऊन पाठीवर यायचं. रविवारी दोघं फोनवर तासभर यावरून भांडली, आणि आता मामाने आणखी दोन म्हाताऱ्यांना साक्षीला बोलावलं आहे.